डिझाइनवाल्यांना दिवाळीत काय द्यावं? आमच्या स्टुडिओचा २०२५ चा अनुभव

नाशिकमध्ये गंगापूर रोडला आमचा छोटा डिझाइन स्टुडिओ आहे. बेदाण्याची पाकिटं, द्राक्ष निर्यातीची खोकी, मसाल्यांची लेबलं, दवाखान्यांचे बोर्ड, शाळांची माहितीपत्रकं अशी आमची कामं. २०२५ च्या दिवाळीत सहकारी, क्लायंट आणि छपाईकडची मंडळी अशा सगळ्यांच्या भेटी पहिल्यांदाच नीट ठरवून, हिशेब ठेवून दिल्या. ज्यांचं काम आमच्यासारखंच आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून कधी काय केलं, किती लागले, कुठे अडलं ते लिहून ठेवते.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवली होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे सोपं गेलं: कुठल्याही भेटीवर आमचा लोगो नको. आमच्या धंद्यात दिवाळीची भेट म्हणजे जाहिरातीची संधी असं धरूनच चालतात. नाव छापलेली पॉवर बँक, नाव छापलेला मग, नाव छापलेली डायरी. घेणारा धन्यवाद म्हणतो आणि वस्तू खणात जाते. त्यातही डिझाइनरला भेट देणं जास्त अवघड. तो आधी छपाई बघतो, मग अक्षरं, मग शिवण, आणि वस्तू मनाला आली नाही तर टेबलावर ठेवतच नाही. म्हणून चांगल्या हाताने घडवलेली, रोज लागणारी आणि घेणाऱ्याची स्वतःची वाटेल अशी वस्तू शोधायची असं ठरलं.

गणपती २७ ऑगस्टला बसले. त्याच आठवड्यात यादीला सुरुवात केली. वस्तूचा विचार बाजूला ठेवून आधी फक्त नावं लिहिली. वर्षभराची चलनं आणि बिलं समोर घेऊन बसले, कारण नुसत्या आठवणीतून यादी केली की मोठी बिलं देणारेच आठवतात. चलनं चाळताना वेगळीच नावं वर आली. प्रेसवरचा मशीनमन, जो हिरव्या रंगाची छटा जुळेपर्यंत शीट काढून दाखवत राहिला. जुन्या नाशकातले बाइंडर चाचा, ज्यांनी एका शाळेच्या स्मरणिकेच्या सगळ्या प्रती हाताने शिवून दिल्या. खोक्यांचे डाय, म्हणजे पुठ्ठा आकारात कापायचे साचे, बनवणारा, फ्लेक्स लावायला शिडीवर चढणारी दोन पोरं. चाळीसेक नावं झाली, आणि त्यातली निम्मी तरी क्लायंट नव्हती. या मंडळींना आपल्याकडे पोस्त देतात, ती द्यायचीच. पण क्लायंटला जी वस्तू तीच यांनाही, हे तेव्हाच पक्कं केलं. रंग जुळवणाऱ्याला मिठाईचा पुडा आणि रंग पसंत करणाऱ्याला तांब्याची वस्तू, हे मला पटत नाही.

मग सीएंकडे गेले. हे काम वस्तू ठरवण्याच्या आधी करावं असं मी कळकळीने सांगेन, कारण त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टींवरून आमचं बजेटच बदललं.

एक, भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे आपल्या भरायच्या करातून मिळणारी वजावट, मिळत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते स्पष्टच अडवलेलं आहे. म्हणजे बिलावरचा कर हा आपला खर्चच, तो धरूनच नगाची किंमत काढायची. दोन, २०२५-२६ च्या नियमाप्रमाणे पगारावरच्या माणसाला आर्थिक वर्षात मिळालेल्या वस्तुरूप भेटी सगळ्या मिळून ५,००० रुपयांच्या आत असल्या तर त्याच्या करपात्र उत्पन्नात त्या धरत नव्हते. रोख दिली की ती सवलत नाही, बोनस तर पगारातच धरला जातो. तीन, तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम १९४आर. धंद्याच्या संबंधातून एकाच व्यक्तीला किंवा फर्मला वर्षभरात दिलेल्या लाभांची किंमत २०,००० च्या वर गेली तर १० टक्के टीडीएस कापावा लागत होता. १ जुलै २०२२ पासून हे लागू झालं होतं. ज्या व्यक्तीची आदल्या वर्षीची उलाढाल धंद्यात १ कोटीच्या आणि पेशात ५० लाखांच्या आत होती, तिच्यावर ही जबाबदारी नव्हती. आमच्या भेटी २०,००० च्या जवळपासही जाणार नव्हत्या, तरी सीए म्हणाले, "मॅडम, एक वही करा. नाव, वस्तू, किंमत, बिल नंबर, दिल्याची तारीख. उद्या कोणी विचारलं तर शोधत बसायला नको." चौथी गोष्ट म्हणजे बिलं फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्यायची. सहकाऱ्यांचा खर्च स्टाफ वेल्फेअरला, बाकीचा बिझनेस प्रमोशनला.

बजेट असं ठरलं: सहकाऱ्यांना प्रत्येकी ३,००० च्या आसपास, बोनस वेगळा. बाकी सगळ्यांना कर, पिशवी आणि कार्ड धरून हजाराच्या आत.

आता वस्तू. नाशिक म्हटलं की बाहेरगावच्या लोकांना वाईन आठवते. पुण्या-बंगळुरूच्या क्लायंटनी गमतीत सुचवलीही होती. पण कुरिअरवाले दारूचं पार्सल घेत नाहीत, प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा वेगळा, आणि यादीतले कितीतरी जण घेतच नाहीत. द्राक्षं ऑक्टोबरमध्ये नसतातच, तेव्हा बागांमध्ये छाटणी चालू असते. चिवडा सगळ्यांना आवडतो, पण दिवाळीत प्रत्येक घरी डबे भरून असतो. आमच्या एका सहकाऱ्याने वारली चित्रांच्या ट्रे सुचवल्या. कल्पना चांगली होती. बाजारात मिळत होत्या त्या मात्र स्टिकर छापून चिकटवलेल्या. वारली चित्र घ्यायचं तर ते काढणाऱ्या माणसाकडून, त्याचं नाव लावून घ्यायचं. ते एवढ्या कमी वेळात जमणारं नव्हतं.

मध्ये एक प्रयत्न कोऱ्या वह्यांचा झाला. बाहेरगावच्या एका पुरवठादाराचा नमुना सुरेख होता, कागद १०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये), शाईचं पेन चालवलं तरी मागे उमटत नव्हतं. निम्मे पैसे आगाऊ दिले. माल आला तेव्हा कागद हाताला पातळ लागला. वजन करून पाहिलं तर ७० जीएसएमच्या आसपास. परत पाठवला, पण आगाऊ रक्कम हातात यायला ऑक्टोबर उजाडला. नमुना पास करताना कागदाचा जीएसएम ईमेलवर लेखी घेतला होता, म्हणूनच पैसे परत मिळाले. तोंडी बोलण्यावर कधी राहू नका, आणि नमुन्याची एक प्रत आपल्याकडे ठेवून घ्या.

पितृपक्ष ८ सप्टेंबरला सुरू झाला. या दिवसांत खरेदी नको म्हणून बाजार थंड असतो. माझ्या मते कारागिराशी निवांत बोलायला याहून चांगला काळ नाही. गाडी रविवार कारंजाच्या अलीकडेच लावून भांडी बाजारात चालत गेले. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध, पण दुकानांतला बराच माल आता मशीनचा असतो. दोन-तीन दुकानांत विचारत विचारत एका तांबटकाकांपर्यंत पोहोचले. दुकानाच्या मागे त्यांचा छोटा कारखाना, आणि अजून हाताने ठोक्याचं काम करतात.

मला पेला हवा होता. टेबलावर पेनं, ब्रश, कटर, पट्टी ठेवता येईल असा, आणि ज्याला हवं त्याने पाणी प्यावं असा. मापं घेऊन गेले होते: उंची सव्वाचार इंच, तोंड तीन इंच, म्हणजे सहा इंची पट्टी आणि कात्री उभी राहते आणि उचलताना हात अडत नाही. स्टुडिओत कार्डपेपरचा तसाच पेला करून त्यात ब्रश घालून बघितला होता. काकांनी तो हातात फिरवला आणि विचारलं, "ताई, लांब ब्रश ठेवले तर कलंडेल की. बूड जड करू का?" बूड जाड पत्र्याचं घ्यायचं ठरलं आणि वजन गेलं तीनशे ग्रॅमच्या आसपास.

त्यांनी काम करून दाखवलं. पेल्याचा मूळ आकार लेथवर दाबून काढतात. मग तो भट्टीत लालसर तापवून मऊ करतात, पाण्यात बुडवून, घासून साफ करतात. त्यानंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर उलटा घालून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ठोके. याला मठारकाम म्हणतात. मी आजवर समजत होते की ते ठोके शोभेचे असतात. काकांनी मठारलेला आणि न मठारलेला असे दोन पेले दिले आणि म्हणाले, "दाबून बघा." न मठारलेल्याची कड अंगठ्याखाली दबत होती, मठारलेला जराही हलत नव्हता. ठोके बसले की तांबं कडक होतं. खाली बुडाशी ठोके जवळजवळ आणि वर कडेला थोडे विरळ होत गेलेले. एका ओळीतला ठोका वरच्या ओळीतल्या दोन ठोक्यांच्या मधोमध बसत होता, विटांच्या भिंतीसारखा. कुठेही खूण केलेली नव्हती. वाकून बघत बसलेल्या आमच्या सहकाऱ्याने तिथेच वहीत त्या ओळी काढून घेतल्या.

लॅकर, म्हणजे चकाकी टिकवणारा पारदर्शक लेप, मारायचं का हा प्रश्न आला. लॅकर मारलं की चकाकी काही महिने राहते, पण नंतर ते चट्ट्याचट्ट्याने निघतं, आणि असा पेला पाणी प्यायला वापरू नये. आम्ही नको म्हटलं. त्याऐवजी प्रत्येक पेल्यात एक चिठ्ठी घालायची ठरवली: काळपट झालं तर चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासा, लगेच धुऊन कोरडं करा, आणि ताक-सरबत यात घेऊ नका, कळकतं. ही चिठ्ठी फार कामाची ठरली. तांब्याची वस्तू देणार असाल तर ती नक्की घाला.

दर ठरला ६८० रुपये नग, अधिक कर. इथे तारखांचा संबंध आला. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरला नवे दर जाहीर केले होते. तांब्याच्या घरगुती भांड्यांवरचा कर २२ सप्टेंबरपासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के होणार होता. आपल्याला क्रेडिट मिळत नसल्याने हा फरक थेट आपल्या खिशातला. माल आणि बिल दोन्ही २२ नंतर घ्यायचं ठरवलं, काकांनाही ते सोयीचं होतं. निम्मी रक्कम आगाऊ दिली आणि "या पैशांचा पत्रा आत्ताच उचला" असं सांगितलं.

ते बरं झालं. ८ सप्टेंबरला इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग या तांब्याच्या प्रचंड खाणीत चिखलाचा लोंढा घुसून दुर्घटना झाली होती. २४ सप्टेंबरला कंपनीने पुरवठा करू शकत नसल्याचं जाहीर केलं आणि जगभर तांब्याचे भाव चढले. नवरात्रात काकांचा फोन आला: उरलेल्या निम्म्या नगांना ७३० पडतील. मी हिशेब केला. जुना दर आणि जुना कर धरला असता तर ७६१.६०, नवा दर आणि नवा कर धरून ७६६.५०. म्हणजे कर उतरला नसता तर अंगावर आलं असतं. पहिल्या निम्म्या पेल्यांना ७१४ च पडले. काकांशी घासाघीस केली नाही. भाव त्यांनी वाढवलेला नव्हता, आणि मजुरी त्यांनी जुनीच धरली होती.

सप्टेंबरअखेर पाऊस थांबायचं नाव घेईना. गोदावरीला पाणी वाढलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या लोकांचं लक्ष आधी माल वर चढवण्याकडे जातं. त्यात काम काही दिवस मागे पडलं. दसरा २ ऑक्टोबरला होता. दसऱ्याला मिळणारे पेले त्याच्या पुढच्या आठवड्यात हातात आले. मधले दिवस फार काळजीत गेले. म्हणून सांगते, कारागिराला दिलेल्या तारखेत आणि वाटायच्या तारखेत दोन आठवडे तरी मोकळे ठेवा.

तोवर कार्डांचं काम झालं. प्रेसवाल्या काकांकडे कटिंगमध्ये उरलेले जाड कागदाचे पट्टे पडून असतात. त्यातले ३०० जीएसएमचे, वेगवेगळ्या पांढऱ्या छटांचे पट्टे त्यांनी आनंदाने दिले. त्यावर एकच रंग, गडद शेंदरी. मजकूर चार ओळींचा, आमची नावं मागच्या बाजूला अगदी लहान. समोर घेणाऱ्याचं नाव आमच्या सुलेखन करणाऱ्या सहकाऱ्याने कट निबने लिहिलं. नावं लिहिण्याआधी प्रत्येकाच्या आडनावाचं मराठी लेखन फोन करून विचारून घेतलं. या कामाला दोन दुपारी गेल्या, पण नंतर ज्याने त्याने आधी उल्लेख केला तो कार्डावरच्या नावाचाच. पिशव्या एका बचत गटातल्या ताईंनी मांजरपाटाच्या शिवल्या, ५५ रुपयांना एक. छापील खोक्याला किमान संख्येची अट असते आणि खोकं फेकलं जातं, पिशवी भाजीला जाते.

सहकाऱ्यांच्या भेटी वेगळ्या. पेला सगळ्यांनाच, पण त्यासोबत प्रत्येकाला एक प्रश्न विचारला: वर्षभर घेईन घेईन म्हणताय आणि घेतलं नाहीत असं काय आहे? एकाला चांगलं कटिंग मॅट आणि जड स्टीलची पट्टी हवी होती. एकीला पाठीला आधार देणारी उशी. सुलेखनवाल्याला निबांचा संच. जुलैमध्ये लागलेली मुलगी मात्र "काहीही चालेल ताई" एवढंच म्हणत राहिली. तिचं टेबल बघितलं. तिच्या ब्रशचे केस फिसकारलेले होते, आणि टोक यावं म्हणून ती ते ओले करून दोऱ्याने बांधून ठेवत असे. तिला तीन मापांचे चांगले गोल ब्रश आणले. तिने ते पेल्यात न ठेवता डब्यासकट घरी नेले, आईला दाखवायला.

वाटप वसुबारसेच्या, म्हणजे १७ ऑक्टोबरच्या आत संपवायचं होतं. निफाडकडच्या बागायतदार क्लायंटकडे सकाळी गेलेलं चालत नाही. छाटणी चालू असते, मजूर रानात असतात, मालक उभ्या उभ्याही भेटत नाहीत. आम्ही संध्याकाळी दिवेलागणीला गेलो, चहाही झाला आणि जानेवारीच्या खोक्यांचं बोलणंही. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीत गेटवरच थांबवलं: भेटवस्तू आत घेत नाहीत. खरेदी विभागाला ईमेल केला तेव्हा त्यांनी धोरणाचा कागद पाठवला. वैयक्तिक भेट चालत नाही, सगळ्यांनी मिळून खायचं काही चालतं. मग त्यांच्या टीमसाठी चिवड्याचे पुडे आणि कार्डं दिली. सरकारी आणि सार्वजनिक कंपन्यांतल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना फक्त कार्ड पाठवलं, त्यांना अडचणीत टाकण्यात अर्थ नाही. मोठ्या कंपनीला भेट द्यायची असेल तर आधी त्यांचं धोरण विचारा. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही.

बाहेरगावची पार्सलं ९ ऑक्टोबरपासून लावली. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची. मोठ्या खोक्यात कागदाचे बोळे भरून पाठवलं असतं तर दीड-दोन किलोचे पैसे पडले असते. पेल्याच्या मापाचं तीन प्लायचं खोकं घेतलं आणि पार्सल अर्ध्या किलोत बसलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गोदामं तुंबतात, तेव्हा त्याआधीच पार्सल हातावेगळं करा.

बाइंडर चाचांकडे मी स्वतः गेले. पेला हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा कड तपासली, मग ठोके, आणि विचारलं, "हे आपल्या भांडी बाजारातलं काम ना?" त्यांची सुई-टोचा आणि हाडाची पट्टी आता त्यात असते. मशीनमनने पेला घरी नेला, पाणी प्यायला. त्याची पोस्तही नेहमीप्रमाणे पाकिटात दिली.

एकूण खर्च कार्डं, पिशव्या, कुरिअर धरून माणशी साधारण ९२० रुपये पडला, सहकाऱ्यांच्या वेगळ्या भेटी सोडून. वही पूर्ण करून सगळ्या बिलांच्या प्रतींसह भाऊबीजेनंतर सीएंकडे दिली.

२०२६ च्या दिवाळीत नाशिकमध्ये कोणी हे करणार असेल तर तारखा आत्ताच मांडून ठेवा. २०२६ मध्ये अधिक मास असल्याने गणपती १४ सप्टेंबरला आहेत, पितृपक्ष २७ सप्टेंबरपासून आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. पण ३१ ऑक्टोबरला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. म्हणजे दिवाळीच्या ऐन आदल्या आठवड्यात रामकुंड, पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या रस्त्यांवर गर्दी आणि बंदोबस्त असणार, आणि भांडी बाजारात गाडी नेणं कठीण जाईल. तांबटकाकांना मी ऑगस्टमध्येच मापं देणार आहे, आणि माल पितृपक्षाच्या आत उचलायचा असं त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे.